फोटोतला हॉल

नाही, पण मला एक सांगा, माणसाने जन्मभर खरं बोलायचं आणि म्हातारपणी एका फोटोने त्याला खोटारडा ठरवायचं, ही कुठली रीत? आणि फोटो तरी कसला… चोरीबिरीचा नाही, नको त्या माणसाबरोबर काढलेला नाही. आमच्या हॉलचा फोटो! ज्या हॉलमध्ये मी पाय पोटाशी घेऊन झोपत आलो, कारण सरळ केले तर फ्रिजला लागतात, त्या हॉलचा. तुम्हाला सांगतो, माझी सख्खी धाकटी बहीण, जानकी, कणकवलीच्या पुढे गावाला असते, दर रविवारी सकाळी न चुकता फोन करणार, दादा जेवलास काय, दादा गोळी घेतलीस काय… त्या बहिणीने एका फोटोपायी माझ्याशी बोलणं टाकलं. वाटणीवरून नाही, आंब्याच्या कलमांवरून नाही. फोटोवरून.

थांबा, नीट सांगतो. मला भरभर सांगता येत नाही, आणि एकदा सुरू झालो की थांबताही येत नाही, दोन्ही खोडी आहेत.

आम्ही बोरीवलीला राहतो, चौथा मजला, लिफ्ट नाही. मिल बंद पडली तेव्हा मी अंधेरीला एका छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलायला लागलो, ते उचलता उचलता हे घर झालं. हॉल, आतली खोली, स्वयंपाकघर, आणि कुठल्याही खोलीत बसून दुसऱ्या खोलीतल्या माणसाशी हळू आवाजात बोलता येतं एवढं. तक्रार नाही हो. पण आमची नंदा, म्हणजे आमची मंडळी, तिचे गुडघे गेले. दिवाळीपासून ती खाली उतरलेली नाही. आता तुम्ही म्हणाल, खाली असं काय ठेवलंय? खाली मासळी बाजार ठेवलाय! आता मासळी मीच आणतो. मी आणलेला बांगडा नंदा ओट्यावर ठेवते, अंगठ्याने दाबते आणि माझ्याकडे बघते. बोलत काही नाही. तुम्हाला सांगतो, त्या बघण्यापेक्षा चार शिव्या परवडल्या.

म्हणून ठरलं, हे विकायचं आणि विरारला तळमजल्यावर घ्यायचं, बाजाराला लागून. ठरवलं आमच्या मिथुनने. तो आणि सून तेजल मालाडला राहतात, दोघंही नोकरीला. मिथुन म्हणाला, बाबा, सौदा पक्का होईपर्यंत गावाला कुणाला बोलू नका, आत्यालापण नाही, आधी बोललं की मोडतं. म्हटलं, असेल बाबा.

हे ‘असेल बाबा’ मला कुठे नेऊन सोडणार होतं… असो.

पहिले फोटो मिथुननेच काढले, मोबाइलवर. ते त्याने दलालाला दाखवले. धम्मपाल म्हणून आहे, फार अदबीने बोलणारा माणूस. त्याने ते फोटो बराच वेळ बघितले आणि म्हणाला, काका, राग मानू नका, पण यात घर कुठे आहे? खरं होतं त्याचं. एका फोटोत माझ्या वाळत घातलेल्या बंड्या आणि त्यांच्या फटीतून थोडासा हॉल, दुसऱ्या फोटोत हॉलच्या जागी मिथुनचा अंगठा. धम्मपाल म्हणाला, आता तसं चालत नाही, गिऱ्हाईक आधी फोनवर घर बघतं, पसंत पडलं तरच जिने चढतं, तर आमच्याकडे एक मुलगी आहे, ती येऊन घर तयार करून देईल. मी म्हटलं, घर तयारच आहे, आम्ही राहतो त्यात. म्हणाला, तसं नाही काका, फोटोसाठी तयार… तुम्हाला सांगतो, मी गार झालो. नवरी तयार करतात, दशावतारात राजा तयार करतात. घराला नटवायला माणूस येतं, आणि तो त्याचा धंदा आहे, त्यावर त्याची चूल पेटते? म्हटलं, असेल बाबा.

आली ती मुलगी. ऋतिका. गोड पोरगी, बूट बाहेर काढून आली, नंदाच्या पाया पडली. मग हॉलच्या मधोमध उभी राहिली, म्हणजे जिथे होती तिथेच, तो मधोमधच आहे, आणि सगळीकडे एकदा नजर फिरवून अगदी मायेने म्हणाली, "काका, इथे कुणी राहतं असं दिसायला नको."

मी म्हटलं, म्हणजे आम्ही?

म्हणाली, हो, म्हणजे तुम्हीच. घेणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे घर त्याचीच वाट बघत बसलंय, तुमचं सामान दिसलं की त्याला वाटतं आपण पाहुणे आलोय.

आता हे कुठल्या शाळेत शिकवतात? आम्ही तर जन्मभर, घर घरासारखं दिसावं म्हणून सामान घेतलं. फ्रिज आला तेव्हा मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावून, उघडून, आतला दिवा लागतो तो दाखवला होता. टीव्हीला नंदाने स्वतः विणून झाकण केलं. आणि ही म्हणते, ते दिसलं तर घर बिघडतं! पण मुलगी शिकलेली, तिचं कामच ते. आपण कोण सांगणार? म्हटलं, असेल बाबा.

मग सुरू झालं. दाराच्या मागे आमची पिशव्यांची पिशवी असते, तुमच्याही घरी आहे, हसू नका… ती गेली. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या गेल्या, काठी गेली. खाटेखालचं गावच्या तांदळाचं पिंप गेलं, आणि खाटेचा मोडका पाय त्या पिंपावरच टेकलेला, त्यामुळे पाठोपाठ खाटही गेली. नंदाचं गुडघ्याचं तेल, कोकमाच्या बाटल्या, माझी चालायची काठी, मिथुनला खो-खोत मिळालेला कप… ऋतिकाने दोन हमाल आणले होते. जन्मभर मी दुसऱ्यांची ओझी उचलली आणि आता माझी ओझी दुसरे उचलत होते, आणि मला हात लावू देत नव्हते, ते बघवेना. ठेवायचं कुठे एवढं सगळं? समोरच्या हंसाबेनकडे. हंसाबेनची मुलं अहमदाबादला, ती एकटीच, तिची आतली खोली मोकळी. भली बाई, दारात उभी राहून लावो लावो करत एकेक वस्तू आत घेत होती, जशी काही लग्नातली भांडी.

आणि मोरीतला निळा ड्रम… भरलेला. तुम्ही इथलेच आहात, तुम्हाला भरलेल्या ड्रमची किंमत सांगायला नको. आमच्याकडे पाणी पहाटे येतं, येतं ते करंगळीएवढं येतं, त्या धारेपाशी नंदा स्टूल टाकून बसते आणि ड्रम भरते. ऋतिका म्हणाली, निळा रंग फोटोत खुपतो. हमाल म्हणाले, भरलेला उचलणार नाही. आणि मग त्यांनी तो आडवा केला. सगळं पाणी… भकभक करत… मोरीत. मी बघत उभा. नंदाने डोळे मिटून घेतले. मी माणसं गेलेली बघितली आहेत, पण एवढी शांतता तेव्हाही नसते.

शेवटी राहिली ती नंदाच. तिची एक प्लॅस्टिकची खुर्ची आहे, हातांची, ती दिवसभर तिच्यातच असते. ऋतिका फार संकोचून म्हणाली, काकूंची खुर्चीपण… मी म्हटलं, त्या खुर्चीत काकू आहेत. म्हणाली, हो ना. मग नंदाही गेली हंसाबेनकडे, खुर्चीसकट. म्हणजे बघा, घरातून आम्हाला काढलं आणि म्हणाले, आता घर आवरलं.

बरं, रिकामं झालं तर रिकामं ठेवायचं ना? नाही. ऋतिकाने खोके उघडले आणि आमच्या घरात दुसऱ्याच कुणाचं तरी सामान मांडायला घेतलं. खिडकीला पांढरे पडदे… रस्त्याकडची खिडकी, खाली दिवसभर रिक्षा, आणि पडदे पांढरे. कोपऱ्यात एक झाड, हात लावून बघितलं तर रबराचं. एक बुटकं टेबल, त्याच्यावर इंग्रजी पुस्तक, उघडं, आणि पुस्तकावर चष्मा. मी म्हटलं, बाई, या घरात इंग्रजी वाचणारं कोण आहे? मराठी बोर्ड वाचतानाही मी ओठ हलवतो. म्हणाली, काका, असं वाटलं पाहिजे की कुणीतरी वाचता वाचता आत्ताच उठून गेलंय. अहो, पण तुम्हीच म्हणालात ना, कुणी राहतं असं दिसायला नको? राहणारा नको, पण वाचून उठून गेलेला पाहिजे… मग तो राहतो कुठे? पुस्तकाशेजारी दोन कप. रिकामे. आता आपल्याकडे रिकामा कप पुढे ठेवणं बरं दिसतं का? मी आत जाऊन चहा टाकला आणि आणून दोन्ही कपांत ओतला, तर पोरगी धावत आली, काका, ते कप प्यायचे नाहीत. प्यायचे नाहीत ते कप… म्हटलं, असेल बाबा. चहा हमालांनी बशीतून घेतला.

मग आला फोटो काढणारा, चैतन्य. त्याच्या कॅमेऱ्याच्या तोंडाला आमटीच्या वाटीएवढी फुगीर काच. मला वाटलं, हा हॉलमध्ये उभा राहून हॉलचा फोटो काढेल. कुठचं काय. हा गेला मोरीत. दार सताड उघडलं, पाठ भिंतीला चिकटवली, एक पाय कमोडवर ठेवला, आणि तिथून हॉलचा नेम धरला. मी म्हटलं, बाबा रे, तिथून हॉलकडे कोण बघतं? म्हणाला, काका, लांब जायला जागाच नाही, काय करू? मग भर दुपारी घरातले सगळे दिवे लावले. मला म्हणाला, काका, तुम्ही फोटोत येताय, जरा सरका. मी सरकलो. परत म्हणाला, अजून येताय. मी स्वयंपाकघरात गेलो, तिथेही आलो फोटोत, आमच्या घरात फोटोत न येण्याएवढी जागाच नाही हो. शेवटी जाऊन जिन्यात उभा राहिलो, स्वतःच्याच दाराबाहेर. वर जाणारा एक जण विचारतो, काय काका, चावी विसरलात?

आणि मग त्याने मला तो फोटो दाखवला. तुम्हाला सांगतो… मी बघितलं. डोळे पुसले आणि परत बघितलं. फोटोत एक हॉल होता. त्याच्या पार त्या टोकाला खिडकी, एवढीशी, सभामंडपाच्या दारातून गाभारा दिसतो तशी. आणि मधे लादी, लादी, लादी… एवढ्या लाद्या आमच्याकडे आहेत हे मला कळलंच नव्हतं. मी हॉलकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, परत हॉलकडे. म्हटलं, चैतन्य, हे कुणाचं? म्हणाला, तुमचंच की काका, काच रुंद आहे ना, ती भिंती मागे ढकलते. मी म्हटलं, म्हणजे खोटं? म्हणाला, खोटं कसं, मी एक लादीही वाढवलेली नाही, नुसतं लांबून बघितलंय. म्हटलं, असेल बाबा. आपण मोरीत उभं राहून आपल्या घराकडे कधी बघितलंच नाही.

वर धम्मपालने सांगितलं की गिऱ्हाइकं येऊन जाईपर्यंत घर असंच ठेवायचं. म्हणजे सामान हंसाबेनकडे, दिवसा आम्ही हंसाबेनकडे, रात्री गादी इकडे आणायची, उजाडलं की गादी तिकडे. स्वतःच्या घरात चोरासारखं पावलं न वाजवता राहायचं. टेबलावर काचेच्या भांड्यात लिंबं मांडून ठेवली होती, पिवळीधमक. नंदाने बांगड्यांना चोळायला त्यातलं एक घेतलं, विळीवर दाबलं, तर ते टुणकन उडून कपाटाखाली गेलं. प्लॅस्टिक! नंदा म्हणाली, अहो, या घरात आता मीच तेवढी खरी उरलेय.

इथपर्यंत मी सोसलं. पण आमच्या तेजलला तो फोटो फार आवडला. पोरीचं मन चांगलं. घर विकतोय हे बोलायचं नाही हे तिच्या नीट ध्यानात होतं, म्हणून तिने त्यातलं अक्षर लिहिलं नाही. तिने नुसता फोटो घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, आमच्या बाबांचं घर, किती सुंदर ना? आणि फुलं टाकली. त्या ग्रुपवर सगळा गाव आहे हो… अख्खी भावकी.

आधी चुलतभाऊ अनंत बोलला, बोलून रेकॉर्ड करून पाठवतात तसं. "काय राजाराम, राजवाडो बांधलंस तो आमका सांगूक नाय?" मागे चार जण हसत होते. मी म्हटलं, हसू देत. संध्याकाळी जानकीचा फोन आला. रविवार नव्हता, तेव्हाच मी ओळखलं. जेवलास काय नाही, गोळी नाही. थेट म्हणाली, "दादा, हॉल बघलंय तुझो. बरो मोठो आसा." आणि फोन ठेवला.

आता याच्यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. तर सांगतो. जानकीचा मुलगा प्रीतम, त्याला मुंबईत पहिली नोकरी लागली तेव्हा तो माझ्याकडे राहायला येणार होता. मामाचं घर म्हणजे हक्काचं. तेव्हा घरात आम्ही तिघं आणि नंदाची आजारी आई, ती हॉलमध्ये, खाटेवर. मी जानकीला सांगितलं, बाय, जागा नाही गं. पोरगा घाटकोपरला गावकऱ्यांच्या खोलीत राहिला, जिथे माणसं पाळीपाळीने झोपतात, एक कामावरून आला की दुसऱ्याने उठायचं. दोन पावसाळे काढले त्याने तिथे, संकोचाने माझा जिना कधी चढला नाही, आणि जानकी तर गाव सोडून मुंबईला कधी आलीच नव्हती. पण जानकीने मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. उलट गावात कुणी म्हणालं, की सख्खा मामा असून पोराला ठेवून घेतलं नाही, तर ही त्यांच्याशी भांडायची, माझ्या दादाकडे जागाच नाही तर तो ठेवणार कुठे, डोक्यावर? इतकी वर्षं ती माझ्यासाठी भांडली. आणि आता तिने तो फोटो बघितला. लादी, लादी, लादी…

मी सांगायला फोन केला. पण सांगणार काय? फोटो कशाला काढला हे सांगायचं तर घर विकतोय हे सांगावं लागणार, आणि ते तर मिथुनने बोलू नका म्हटलेलं. म्हणून मी म्हटलं, बाय, ती काच भिंती ढकलते. वर म्हटलं, तो मोरीत उभा होता गं. तर म्हणाली, झोप आता दादा. रविवार आला, फोन नाही. मी मोबाइल हातात धरून बसलो. दुसरा रविवार गेला, नाही. नंदा म्हणाली, विकू नका मेलं ते घर, माझ्या गुडघ्यांपायी तुमची बहीण तुटायला नको. आता मी कुणाकडे बघू? गुडघ्यांकडे की गावाकडे?

आणि मागच्या महिन्यात, सकाळच्या वेळी, बेल वाजली. मला वाटलं गिऱ्हाईक, कारण धम्मपाल एका जोडप्याला घेऊन दुपारी येणार होता. दार उघडतो तर जानकी आणि प्रीतम, एसटीतून उतरून थेट. जानकीच्या हातात सुक्या बांगड्यांची पिशवी, चौथ्या मजल्यापर्यंत स्वतः वाहून आणलेली. म्हणजे रागावली होती, पण रिकाम्या हाताने आली नव्हती. म्हणाली, घर बघूक इलंय.

आत पाऊल टाकलं आणि थबकली. पांढरे पडदे बघितले, रबराचं झाड बघितलं, इंग्रजी पुस्तकावरचा चष्मा बघितला. मग अगदी हळू विचारलं, "बाकीचो हॉल खंय आसा?"

मी म्हटलं, एवढाच आहे गं. तिने पडद्यामागे बघितलं. आतल्या खोलीत जाऊन आली. मोरीचं दार उघडून आत डोकावली. प्रीतम मधोमध उभा राहून एकदा मोबाइलमधल्या फोटोकडे बघतोय, एकदा भिंतीकडे. तोच पंखा, तीच खिडकी, तीच लादी, आणि तरीसुद्धा हॉल गायब. कुणालाही संशय यावा असंच ते दिसत होतं, मी तिला दोष देत नाही. मग म्हणाली, दादा, तुझी खाट खंय? मी दिलेल्या तांदळाचा पिंप खंय? वैनी खंय? आणि मला, तुम्हाला सांगतो, खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, समोर.

ती समोर गेली. तिथे माझी खाट, तिचं पिंप, माझी काठी, मिथुनचा कप, दोरीवर माझ्या बंड्या, आणि मधे खुर्चीत नंदा, भाजी निवडत. जानकी त्या खाटेवर टेकली. सगळीकडे बघितलं आणि म्हणाली, म्हणजे ह्या पण तुझाच. दोन घरां.

मी हादरलो. म्हटलं, अगं नाही, हे हंसाबेनचं. हंसाबेन पुढे झाली, म्हणाली, बेन, आ घर माझा आहे, मी राजारामभाईला सामान ठेवायला दिला. जानकीने तिला हात जोडले, पण माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की शेजारीण बरी पढवून ठेवलीस. मग मी सगळं सांगून टाकलं, मिथुनला काय वाटायचं ते वाटो. म्हटलं, ते घर मी विकतोय, म्हणून हे सगळं, म्हणून फोटो. जानकी म्हणाली, होय तर, विकतलंसच, रवाक ह्या दुसरा घर आसा मा. आता बोला! मी जेवढं खरं सांगत होतो तेवढं ते तिच्या म्हणण्यात चपखल बसत होतं. प्रीतम म्हणाला, मामा, जाऊ दे ना, जुनी गोष्ट आहे. अगदी मायेने म्हणाला, आणि ते मला जास्त लागलं. पोरगा मला माफ करत होता हो, न केलेल्याबद्दल.

नंदा म्हणाली, आधी जेवा. तिने हट्टाने हॉलमध्येच पानं मांडायला लावली, गिऱ्हाईक येवो नाहीतर न येवो. बुटकं टेबल भिंतीला उभं केलं. मी, जानकी, प्रीतम, हंसाबेन, तिला वेगळी भाजी, आणि नंदा खुर्चीत. सुक्या बांगड्यांचा खमंग वास पांढऱ्या पडद्यांत शिरला. आणि नेमका तेव्हा धम्मपाल ते जोडपं घेऊन आला. मुलगी श्रुतिका म्हणून, बँकेत आहे, आणि तिचा नवरा, चार जिने चढून घामाघूम. तो दारात उभा राहिला, हातात मोबाइल, मोबाइलमध्ये तोच फोटो. आत बघितलं, फोटोत बघितलं, आणि म्हणाला, हॉल कुठे आहे?

धम्मपाल म्हणाला, सर, हाच. तर तो भडकलाच. दोन आठवड्यांत त्याने अशी किती घरं बघितली असतील देव जाणे. म्हणाला, "आजोबा, या वयात खोटं बोलून लोकांना बोलावता? लाज नाही वाटत?"

मी मान खाली घातली. त्याचं चुकलंय असं तरी कसं म्हणू, त्याच्या हातात फोटो होता.

जानकीच्या हातातला घास हातातच राहिला. ती उठली. हाताला कालवण तसंच, आणि दारात जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. "खोटो कोणाक म्हणतंस? माझो भाव जल्मात कधी खोटा बोलूक नाय. घर लहान आसा, जागा नाय, ह्याच तो सगळ्यांक सांगत इलो. खोटो तो फोटो आसा."

आपण काय बोललो ते तिला तेव्हा ऐकू आलं. ती वळली, माझ्याकडे बघितलं… मी अजून खालीच बघत होतो, पण कळतं हो, बहीण बघतेय ते कळतं. येऊन परत पानावर बसली. बसायला गेली तर पाठ भिंतीला आणि गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. तिने माझ्या पानात तिच्यातला बांगडा टाकला आणि म्हणाली, जेव. एवढंच. त्या गिऱ्हाइकाकडे न बघता म्हणाली, जिने चढान इल्यात, जेवल्याशिवाय जाव नकात.

तो नवरा ओशाळला. श्रुतिकानेच त्याला आत ओढलं. प्रीतम खिडकीत सरकला, मी उंबऱ्यावर, धम्मपाल उभ्याउभ्याच. ती मुलगी मालवणची निघाली, सुका बांगडा बघून तिच्या डोळ्यांत पाणी… वासाने नाही, आठवणीने, असं ती म्हणाली. हात धुताना तिने नवऱ्याला सांगितलं, एवढी माणसं बसून जेवली, मग लहान काय आहे? आणि झाला की हो सौदा. धम्मपाल जाताना मला म्हणतो, काका, पुढच्या घराला मी ऋतिकाला नाही, तुमच्या बहिणीला बोलावणार.

आता तुम्ही म्हणाल, झालं ना चांगलं, मग तक्रार कसली? विरारचं घर घेतलं, पुढच्या महिन्यात जातोय. रविवारचा फोन सुरू झाला. पण जानकी गावाला गेली ना… आणि जाऊन तिने सगळ्यांना खरं सांगितलं. घरोघरी जाऊन सांगितलं. की दादाच्या हॉलापेक्षा आमचो गोठो मोठो, मी बसलंय तर भिंत लागली, मोरीत एक पाय ठेवूक जागा नाय, शेजारणीकडे खाट ठेवून दिवस काढता बिचारो. अनंताचा फोन आला, रडवेला, राजाराम, आम्ही तुका हसलो, आमची चूक, तू गावाक ये, आमची पडवी मोकळी आसा. ज्यांना मी कधी बघितलंही नाही अशा लोकांनी तांदूळ पाठवले, पोहे पाठवले, एकाने जुनी सतरंजी पाठवली. आणि परवा तर देवळात माझ्या नावाने गाऱ्हाणं घातलं. गुरवाने सगळ्या गावासमोर म्हटलं, बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू मुंबईत पन्नास वर्सां राबलो आणि तेका बसाक जागा गावली नाय, तर तेका सांभाळ रे म्हाराजा. आणि अख्खा गाव ओरडला, होय म्हाराजा! प्रीतमने ते मोबाइलवर काढून मला पाठवलं.

मी आणि नंदाने दोनदा ऐकलं. मी म्हटलं, नंदा, खोटारडा होतो तेच बरं होतं गं… निदान हॉल तरी मोठा होता.